वेबसाइट कोणासाठी? आपल्या हौसेसाठी की गिऱ्हाइकासाठी?

दुकान थाटताना आपण दरवाजा रस्त्याच्या बाजूला ठेवतो आणि भाव विचारणाऱ्याला ताबडतोब उत्तर देतो. वेबसाइट करून घेताना मात्र आमचे बरेच व्यापारी व कारागीर बांधव हा साधा व्यवहार विसरतात. पैसे मोजून वेबसाइट होते, पण तिच्यावरून एकही फोन येत नाही. मग 'आपल्या धंद्यात हे चालत नाही' असे म्हणून विषय संपवला जातो. आमच्या मते दोष बहुधा धंद्याचा नसून बांधणीचा असतो.

मिरजेच्या तंतुवाद्यांचे उदाहरण घेऊ. तेथील सतार व तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. समजा, तेथील एका कारागिराला वेबसाइट करायची आहे. तिच्यावर येणारा गायक काय शोधतो? तानपुरा स्त्रियांच्या पट्टीचा आहे की पुरुषांच्या, लांबी किती, किंमत काय, परगावी पाठवताना भोपळा फुटू नये म्हणून काय करतात आणि फोन कोणाला करायचा. ही उत्तरे पहिल्याच पानावर हवीत. घराण्याचा इतिहास जरूर द्यावा, पण त्यानंतर.

दुसरी गोष्ट वजनाची. मोबाइलवर काढलेला एक फोटो तीन-चार एमबीचा असतो. असे दहा फोटो जसेच्या तसे चढवले, तर कमी रेंजमधले गिऱ्हाईक वाट पाहून निघून जाते. तेच फोटो लहान करून 'वेबपी' प्रकारात ठेवले तर प्रत्येकी शंभर-दीडशे केबीत काम भागते आणि मालही स्पष्ट दिसतो. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, असे गूगलचे मोजमाप आहे. आपोआप सरकणारी चित्रे आणि वाजणारे संगीत यांत हा वेळ फुकट जातो.

तिसरी गोष्ट मजकुराची. अनेकजण छापील पत्रकाचा फोटोच पानावर लावतात. फोटोतील अक्षरे लहान पडद्यावर वाचता येत नाहीत आणि अंधांना पान वाचून दाखवणाऱ्या साधनालाही ती नीट कळत नाहीत. म्हणून मजकूर टाइप केलेलाच हवा, आणि तोही युनिकोडमध्ये. छापखान्यातील जुन्या फॉन्टमधला मजकूर तसाच चिकटवला तर मराठीऐवजी भलतीच चिन्हे उमटतात. प्रत्येक फोटोला त्यात काय आहे हे सांगणारी एक ओळ जोडावी. फिकट करड्या रंगाची अक्षरे टाळावीत. अक्षर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण किमान ४.५ ला १ असावे, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे.

पान पडद्याच्या मापाप्रमाणे आपोआप जुळले पाहिजे. या पद्धतीला ईथन मार्कोट यांनी २०१० साली नाव दिले आणि आज ती सर्वमान्य आहे. बोटाने सहज दाबता येतील एवढी बटणे ठेवावीत. फोन नंबर असा द्यावा की त्यावर बोट ठेवताच फोन लागेल. चौकशीच्या फॉर्ममध्ये नाव, मोबाइल नंबर व काय हवे एवढेच विचारावे. दहा रकाने भरायला कोणाला सवड असते?

आता सर्वांत महत्त्वाचे. वेबसाइटचे नाव, म्हणजे डोमेन, स्वतःच्या नावावर व स्वतःच्या ईमेलवर नोंदवावे. ते करून देणाऱ्याच्या नावावर राहिले आणि पुढे बिनसले, तर वर्षानुवर्षे पत्रकांवर छापलेला पत्ता हातचा जातो. दुकानाचा भाडेकरार आपण दुसऱ्याच्या नावावर करतो काय? पासवर्ड लिहून घ्यावेत आणि नूतनीकरणाची तारीख वहीत टिपून ठेवावी. सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र 'लेट्स एन्क्रिप्ट' ही संस्था विनामूल्य देते, त्यासाठी वेगळे पैसे कोणी मागितल्यास कारण विचारावे.

शेवटचा हप्ता देण्यापूर्वी एक परीक्षा घ्यावी. स्वस्तातला मोबाइल, वायफाय बंद. तो घरातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाच्या हातात देऊन 'किंमत शोधा आणि फोन लावा' एवढेच सांगावे व गप्प बसावे. ते जिथे अडतील तिथे दुरुस्ती करून घ्यावी. अशा पाच जणांकडून पाहणी केली तरी बहुतेक दोष सापडतात, असे या विषयाचे जाणकार जेकब नील्सन यांनी २००० साली मांडले होते. या परीक्षेला खर्च नाही. आमच्या बांधवांनी ती घेतल्याशिवाय पैसे चुकते करू नयेत.