सहल ठरवताना भीती कशाची धरावी?

दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत परदेशातल्या समुद्रकिनारी जायचे ठरले की विमानाचे भाडे, व्हिसा आणि हॉटेल यांच्या जोडीला एक प्रश्न हमखास येतो. ‘तिथे सुरक्षित आहे ना?’ याचे उत्तर बहुतेक घरांत एखाद्या बातमीच्या मथळ्यावरून, मोबाइलवर फिरत आलेल्या व्हिडिओवरून किंवा कुणाच्या तरी मेहुण्याची बॅग बँकॉकला कशी चोरीला गेली, या हकिकतीवरून दिले जाते. मग एक ठिकाण यादीतून कायमचे बाद होते आणि दुसरे फारशी चौकशी न होता मंजूर होते. प्रश्न योग्यच आहे. त्याचे उत्तर शोधण्याची पद्धत मात्र जरा तपासून पाहण्यासारखी आहे.

जमैकाचे उदाहरण घेऊ. क्रिकेटमुळे किंग्स्टनचे सबिना पार्क मैदान आपल्या ओळखीचे आहे. सुमारे २८ लाख लोकवस्तीच्या या कॅरिबियन बेटावर २०२३ मध्ये जवळपास १४०० खून झाले. म्हणजे दर लाख लोकसंख्येमागे ५० च्या आसपास. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार भारतात २०२२ मध्ये हे प्रमाण लाखामागे २.१ होते. नुसते हे आकडे पाहिले तर तिकडे पाऊल टाकू नये असेच वाटेल. पण त्याच २०२३ मध्ये, क्रूझने आलेले धरून, ४० लाखांच्या आसपास पर्यटक जमैकाला गेले आणि त्यातले बहुसंख्य सुखरूप घरी परतले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांचा मेळ कसा घालायचा?

सरासरीच्या पोटात

खुनाचा दर हा तिथे राहणाऱ्यांचा असतो आणि तो वर्षभराचा असतो. पर्यटक दहा दिवसांसाठी जातो. समजा, सरासरी जमैकन नागरिकाचा धोका त्याने जसाच्या तसा अंगावर घेतला, तरी दहा दिवसांत तो लाखात दीडपेक्षा कमी भरतो. तुलनेसाठी घरचा आकडा पाहा. भारतात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, म्हणजे लाखामागे साधारण १२. त्या हिशेबाने आपण इथे सुमारे सहा आठवड्यांत रस्त्यावर जेवढा धोका पत्करतो, तेवढाच हा झाला. आणि पर्यटकाच्या वाट्याला सरासरी नागरिकाएवढा धोकाही सहसा येत नाही. तिथले बरेचसे खून टोळ्यांच्या वैरातून, ठरावीक वस्त्यांमध्ये होतात.

गुन्हे एका जागी साठून राहतात, हे केवळ जमैकापुरते खरे नाही. गुन्हेशास्त्रज्ञ डेव्हिड वाइसबर्ड यांनी वेगवेगळ्या शहरांच्या नोंदी तपासून २०१५ मध्ये दाखवून दिले, की मोठ्या शहरातले निम्मे गुन्हे जेमतेम पाच टक्के रस्त्यांच्या तुकड्यांवर घडतात. त्यामुळे ‘अमुक देश सुरक्षित आहे का’ या प्रश्नापेक्षा ‘त्या देशातला कोणता भाग, कोणता रस्ता, कोणती वेळ’ हा प्रश्न जास्त उपयोगाचा ठरतो.

छोट्या बेटांच्या बाबतीत आणखी एक गोम आहे. पन्नास हजार वस्तीच्या बेटावर एका वर्षी दोन खून झाले आणि पुढच्या वर्षी सहा, तर दर चारवरून थेट बारावर जातो आणि ‘खुनांत तिप्पट वाढ’ असा मथळा होतो. प्रत्यक्षात चार घटनांनी हा फरक पडलेला असतो. म्हणून छोट्या जागेचा एका वर्षाचा आकडा न पाहता चार-पाच वर्षांचे आकडे एकत्र पाहावेत.

शिवाय खून सोडले, तर इतर गुन्ह्यांचे आकडे तक्रार नोंदवण्याच्या सवयीवर अवलंबून असतात. जिथे पोलीस तक्रार सहज घेतात तिथे चोऱ्या जास्त ‘दिसतात’. जिथे घेत नाहीत तिथे कागद कोरा राहतो. लैंगिक अत्याचारांच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. गुन्ह्यांच्या संख्येतली वाढ म्हणजे गुन्हेगारीतली वाढ असे समजू नका, असा इशारा आपला राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागही आपल्या अहवालात देतो.

मनाचा तराजू

मग खुनाच्या बातमीने मन इतके का धास्तावते? आमोस त्वेर्स्की आणि डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये दाखवले, की एखादी घटना जितकी चटकन आठवते तितकी ती वारंवार घडत असावी, असे आपण गृहीत धरतो. परदेशी पर्यटकाच्या खुनाची बातमी आठवडाभर चालते. स्कूटर घसरून गेलेल्या पर्यटकाची बातमी त्याच्या गावाबाहेर जात नाही. पॉल स्लोव्हिक यांनी १९८७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात याची पुढची बाजू मांडली. जो धोका भयानक वाटतो, आपल्या हाताबाहेरचा वाटतो आणि अनोळखी असतो, त्याला माणसे आकड्यांच्या मानाने फार जास्त वजन देतात. परदेशातल्या गुन्ह्यात या तिन्ही गोष्टी असतात. स्कूटरचे हँडल मात्र आपल्या हातात असते, त्यामुळे तिची भीती वाटत नाही.

या चुकीची किंमत मोजावी लागते. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अनेक अमेरिकन लोकांनी विमान सोडून मोटारीने प्रवास सुरू केला. त्यामुळे पुढच्या वर्षभरात रस्त्यांवर सुमारे १५०० जण जास्तीचे मेले असावेत, असा अंदाज जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेन्झर यांनी काढला. भीतीपायी माणसांनी मोठा धोका पत्करला होता. सहल ठरवताना आपणही हेच करतो का, हे पाहायला हवे.

पर्यटकांना काय होते?

परदेशात मृत्यू पावलेल्या अमेरिकी प्रवाशांचा एक अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यातले जवळपास निम्मे मृत्यू हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनी झाले होते. अपघात, बुडणे, खून अशा सगळ्या इजा मिळून साधारण पाव हिस्सा होता. संसर्गाने झालेले मृत्यू अगदी थोडे होते. त्यानंतरच्या काळातही अनैसर्गिक मृत्यूंच्या यादीत रस्ते अपघात आणि बुडणे ही कारणे वरच्या क्रमांकांवर राहिली आहेत. खूनही त्या यादीत आहे, पण एकटा नाही.

आपल्याकडच्या लोकांच्या आवडीचे थायलंड घ्या. खुनाच्या बाबतीत ते जमैकाच्या जवळपासही नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार तिथे रस्त्यांवर वर्षाला लाखामागे २५ माणसे मरतात, म्हणजे भारतातल्या नोंदीच्या दुप्पट. त्यात मोठा वाटा दुचाकीस्वारांचा आहे. फुकेत किंवा कोह सामुईला उतरल्यावर पहिल्याच दिवशी स्कूटर भाड्याने घेऊन, हेल्मेट न घालता, घाटाच्या रस्त्याला लागणारा पर्यटक त्या आकड्यात स्वतःहून शिरतो. बसने किंवा टॅक्सीने फिरणारा त्यातून बऱ्याच अंशी बाहेर राहतो. देश तोच असला, तरी दोघांचा धोका वेगळा.

दुसरा धोका पाण्याचा. जगभरात २०२१ मध्ये सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. फुकेतच्या पश्चिम किनाऱ्यावर मे ते ऑक्टोबर या पावसाळी महिन्यांत समुद्राकडे ओढणारे जोरदार प्रवाह तयार होतात. लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी वाळूच्या दोन उंचवट्यांमधल्या खोलगट जागेतून वेगाने मागे जाते. गंमत म्हणजे तिथे लाटा फुटत नाहीत, त्यामुळे नवख्याला तीच जागा शांत वाटते. या ओढीत सापडलेला माणूस सरळ किनाऱ्याकडे पोहू लागतो, दमतो आणि बुडतो. त्याऐवजी आधी तरंगत राहावे, हात वर करून मदत मागावी आणि जमल्यास किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर पडावे. लाल निशाण लागले असेल तर पाण्यात उतरूच नये. मुरुडला २०१६ च्या फेब्रुवारीत सहलीला गेलेले डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले, ती आठवण महाराष्ट्रात अजून ताजी आहे. बोटीची सफरही हवामान पाहूनच करावी. फुकेतजवळ ५ जुलै २०१८ रोजी वादळी समुद्रात पर्यटकांची बोट उलटून ४७ जण गेले.

तिसरा धोका पेल्यातला. लाओसमधल्या वांग व्हिएंग या पर्यटकांच्या गावात नोव्हेंबर २०२४ मध्ये मिथेनॉल मिसळलेल्या दारूने सहा परदेशी पर्यटकांचा बळी घेतला. मिथेनॉल चवीने ओळखू येत नाही. यकृतात त्याचे फॉर्मल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल होते. हे आम्ल डोळ्यांच्या नसेवर घाला घालते आणि रक्त आम्लधर्मी करते. लक्षणे दिसायला बारा ते चोवीस तास लागू शकतात. दुसऱ्या दिवशी धूसर दिसू लागले तर ‘उतरेल हळूहळू’ म्हणून झोपून न राहता रुग्णालय गाठावे, कारण वेळेत दिलेल्या उताऱ्याने जीव आणि दृष्टी वाचू शकते. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभरहून अधिक जणांचे प्राण घेणारे विष हेच होते. परदेशात फुकट मिळणारी किंवा बादलीत मिसळून दिली जाणारी दारू टाळलेली बरी.

गुन्ह्याची भीती कुठे रास्त?

याचा अर्थ गुन्ह्याची काळजी निरर्थक आहे असा नाही. लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन यांनी १९७९ मध्ये मांडले, की गुन्हा घडायला तीन गोष्टी एका वेळी एका जागी यावी लागतात: गुन्हा करू पाहणारा माणूस, सोपे सावज आणि राखणदाराचा अभाव. पहिली गोष्ट आपल्या हातात नाही, उरलेल्या दोन बऱ्याच अंशी आहेत. रात्री उशिरा, दारूच्या अमलात, सुनसान किनाऱ्यावरून एकट्याने परतणे म्हणजे तिन्ही गोष्टी जुळवून आणणे. हॉटेलने बोलावलेली गाडी, पासपोर्टची प्रत खिशात आणि मूळ पासपोर्ट तिजोरीत, पैसे बँकेच्या आतल्या एटीएममधून काढणे, या साध्या गोष्टींनी साखळी तुटते.

एकटी प्रवास करणारी स्त्री, तरुण मित्रांचा गट आणि नातवंडांसह गेलेले आजी-आजोबा यांच्यासाठी एकाच गावाचे उत्तर वेगवेगळे असू शकते. स्त्रियांनी सरासरी आकड्यांपेक्षा त्या गावात रात्रीची वाहतूक कशी आहे, हॉटेल वर्दळीच्या रस्त्यावर आहे का, तक्रार कुठे घेतली जाते, हे पाहणे जास्त उपयोगाचे. थायलंडमध्ये पर्यटक पोलिसांचा ११५५ हा क्रमांक आहे.

किरकोळ फसवणूक मात्र सर्वांच्याच वाट्याला येऊ शकते. भाड्याची स्कूटर किंवा जेट स्की परत करताना जुन्याच ओरखड्यांचे पैसे मागितले जातात. ताब्यात घेण्याआधी सगळ्या बाजूंनी व्हिडिओ काढावा आणि पासपोर्ट तारण म्हणून देऊ नये. आपण स्वतः नकळत गुन्हेगार ठरू नये, हेही पाहावे. मालदीवमध्ये दारू घेऊन जाता येत नाही आणि थायलंडमध्ये ई-सिगारेट नेण्यास बंदी आहे.

ठिकाण ठरवण्याआधी

दोन-तीन ठिकाणे डोळ्यांसमोर असतील तर प्रत्येकासाठी हे प्रश्न एका कागदावर लिहून काढा.

आपण तिथे काय करणार? दिवसवार बेत लिहिला की धोके आपोआप दिसतात. त्यात स्कूटर, बोट, पोहणे, रात्रीचा बाजार यांपैकी काय आहे ते पाहा.

कोणत्या महिन्यात जाणार? कॅरिबियनमध्ये जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ. २०२४ च्या जूनअखेरीस बार्बाडोसला टी-२० विश्वचषक जिंकलेला आपला संघ तिथेच अडकून पडला होता, तो ‘बेरिल’ या चक्रीवादळामुळे. दिवाळीची सुट्टीही याच काळात येते.

सरकारी सूचना काय म्हणतात? आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना वाचाव्यात. अमेरिकी सरकार देशांना चार पातळ्यांत बसवते. पण नुसती पातळी न पाहता खालचा मजकूर वाचावा. कोणत्या वस्त्या टाळाव्यात, रुग्णवाहिका किती वेळात येते, हे त्यात असते.

रुग्णालय किती दूर? मालदीवच्या रिसॉर्टवर गुन्ह्याची चिंता फारशी नसते. पण दूरच्या बेटावरून मोठ्या रुग्णालयात जायला स्पीडबोट किंवा समुद्रविमान लागते आणि समुद्रविमाने अंधार पडल्यावर उडत नाहीत. हृदयविकार असलेल्या वडिलांना नेताना हा प्रश्न खुनाच्या दरापेक्षा महत्त्वाचा आहे.

विमा कशाला लागू आहे? फक्त चारचाकीचा परवाना असेल तर त्यावर मिळालेला आंतरराष्ट्रीय परवाना दुचाकीला चालत नाही, आणि योग्य परवान्याशिवाय झालेल्या अपघाताचा दावा अनेक पॉलिसींत नाकारला जातो. वैद्यकीय कारणाने मायदेशी आणण्याचा खर्च त्यात आहे का, तेही पाहावे.

हे सगळे लिहून झाल्यावरही एखाद्या ठिकाणी जाऊ नये असे वाटले, तर जाऊ नये. धास्तावलेल्या मनाने सुट्टी घालवण्यात काही मजा नाही. पण जमैका नको म्हणून फुकेत ठरवले असेल, तर तिथे पोहोचल्यावर स्कूटरच्या दुकानात आधी हेल्मेट मागा, आणि पाण्यात शिरण्यापूर्वी किनाऱ्यावर कोणत्या रंगाचे निशाण आहे ते पाहा.