गळाची दोरी कोठे तुटावी?

मालाडहून मार्व्याला यावे आणि फेरीबोटीने खाडी ओलांडावी, की मनोरी लागते. मुंबईच्या उपनगरात असूनही या गावाने आपले कोळीवाड्याचे रूप टिकवले आहे. येथील खरी मासेमारी होड्यांची आणि जाळ्यांची. परंतु सुटीच्या दिवशी खडकांवर, धक्क्यावर आणि तिवरांच्या कडेला आणखी एक मंडळी दिसतात. ही हौसेने गळ टाकून बसणारी माणसे. कोकणात या उद्योगाला ‘गरवणे’ असा सुटसुटीत शब्द आहे. बहुधा शिंगाळा मिळतो. नशीब जोरावर असेल तर तांबोशी किंवा जिताडाही.

या छंदात नव्याने पडणारा माणूस दुकानात गेला, की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “न तुटणारी दोरी आहे का?” दुकानदार सर्वांत जाड दोरी काढून देतो आणि गिऱ्हाईक समाधानाने परत जाते. प्रश्न स्वाभाविक आहे, पण पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने तो अपुरा आहे. पुरेसा ताण दिला की कोणतीही दोरी तुटतेच. तेव्हा ती कोठे तुटावी, हे आपल्याला आधीच ठरवता येईल का, हा खरा प्रश्न आहे. त्याचा संबंध हाती लागणाऱ्या माशाशी आहे, तसाच खाडीच्या चिखलात मागे राहणाऱ्या नायलॉनशीही आहे.

जाडी, ताकद आणि प्रवाह

गळाची दोरी आज बहुतेक ठिकाणी नायलॉनची एकपदरी दोरी असते. आपल्याकडे तिला तंगूस म्हणतात. तिच्या रिळावर दोन आकडे छापलेले असतात : व्यास मिलिमीटरमध्ये आणि तुटण्याचा भार किलोग्रॅममध्ये. दोरीची ताकद तिच्या काटछेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून ०.३० मिमी व्यासाची दोरी सुमारे ६ किलोला तुटत असेल, तर त्याच प्रतीची ०.६० मिमीची दोरी सुमारे २४ किलोला तुटेल. जाडी दुप्पट, ताकद चौपट. मग जाड दोरीच का घेऊ नये?

याचे उत्तर खाडीच्या पाण्यात आहे. वाहते पाणी दोरीला ढकलते आणि हा रेटा दोरीच्या व्यासाच्या सम प्रमाणात असतो. सेकंदाला एक मीटर वेगाच्या प्रवाहात १० मीटर दोरी आडवी धरली, तर ०.३० मिमीच्या दोरीवर साधारण पावणेदोनशे ग्रॅम वजनाइतके बल येते, तर ०.६० मिमीच्या दोरीवर साडेतीनशे ग्रॅमइतके. म्हणजे जाड दोरी तळाशी टिकवायची तर वजनही जड लावावे लागते. शिवाय हा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. उधाणाच्या दिवसांत प्रवाहाचा वेग भांगाच्या दिवसांपेक्षा दुप्पट झाला, तर रेटा चौपट होतो. जाणते लोक अमावास्या-पौर्णिमेला जड वजन आणि अष्टमीच्या सुमारास हलके वजन लावतात, त्यामागे हेच गणित आहे.

दुसरी एक गोष्ट आपण सहसा विचारात घेत नाही. माशाची सरासरी घनता पाण्याइतकीच असते, त्यामुळे तीन किलोचा मासा पाण्यात असताना दोरीवर तीन किलोचा भार टाकत नाही. दोरीवर येतो तो त्याच्या ओढीचा आणि हिसक्याचा ताण. पूर्ण वजन येते ते मासा पाण्याबाहेर लोंबकळतो तेव्हा. म्हणून एकदम जाड दोरी घेण्यापेक्षा लांब दांड्याची एक जाळी घेणे शहाणपणाचे. मासा दमवून जाळीत घ्यावा, दोरीने वर उचलू नये.

नायलॉनचे गुण आणि अवगुण

वॉलेस कॅरोथर्स यांच्या गटाने ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत १९३५ साली नायलॉन तयार केले आणि १९३८ साली ते जगापुढे आले. त्याचा पहिला उपयोग दात घासण्याच्या ब्रशच्या केसांसाठी झाला. त्यापूर्वी गळासाठी सुताच्या, तागाच्या किंवा रेशमाच्या दोऱ्या वापरत. त्या वापरानंतर वाळवाव्या लागत, नाहीतर कुजत. नायलॉन कुजत नाही, हा त्याचा मोठा गुण ठरला.

नायलॉन हे बहुवारिक आहे. त्याच्या लांबलचक रेणूंमध्ये ठरावीक अंतराने अमाइड गट असतात आणि शेजारशेजारच्या रेणूंचे हे गट हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून ठेवतात. पाण्याचे रेणू या गटांत शिरकाव करतात आणि ही पकड सैल होते. पूर्ण भिजल्यावर नायलॉन स्वतःच्या वजनाच्या आठ-नऊ टक्क्यांपर्यंत पाणी धरू शकते आणि दोरीची ताकद साधारण दहा टक्क्यांनी किंवा थोडी अधिकच घटते. सूर्यप्रकाशातील जंबुपार किरण तर रेणूंची साखळीच तोडतात. म्हणून दुकानाच्या दर्शनी भागात उन्हात टांगलेले रीळ, ते स्वस्त मिळत असले तरी, घेऊ नये. दोन मीटर दोरी सोडवून बोटांतून फिरवावी. खरखर लागली किंवा रंग पांढरट झालेला दिसला, तर ती सोडून द्यावी.

हल्ली पॉलिएथिलीनच्या अतिसूक्ष्म तंतूंची विणलेली दोरीही मिळते. तेवढ्याच ताकदीसाठी ती नायलॉनपेक्षा पुष्कळ बारीक असते, पण महाग. शिवाय ती जेमतेम तीन-चार टक्के ताणली जाते. नायलॉन तुटण्यापूर्वी वीस टक्के किंवा त्याहूनही अधिक ताणले जाते, त्यामुळे माशाचा हिसका ते रबरासारखे पचवते. विणलेली बारीक दोरी तळहातही कापते. हातदोरीने गरवणाऱ्या नवशिक्याला नायलॉनच बरे.

तिसरा प्रकार फ्लुओरोकार्बनचा. ही दोरी पाण्यात दिसत नाही, असे सांगून विकतात. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, फ्लुओरोकार्बनचा १.४२ आणि नायलॉनचा सुमारे १.५३. दोन पदार्थांचे अपवर्तनांक जितके जवळ, तितकी त्यांच्यामधील सीमा कमी दिसते. तेलात बुडवलेली काचेची कांडी जवळजवळ अदृश्य होते ती यामुळेच. तेव्हा विक्रेत्याचे म्हणणे खोटे नाही. पण मनोरीच्या गढूळ पाण्यात वीतभर अंतरावरचे दिसणे कठीण, तेथे या गुणासाठी जादा पैसे कशाला मोजायचे?

गाठीचा प्रयोग

दोरी सहसा मध्येच तुटत नाही, ती गाठीपाशी तुटते. गाठीत दोरी तीव्र वळते, बाहेरच्या बाजूवर ताण एकवटतो आणि एक पदर दुसऱ्याला दाबून कापतो. साध्या गाठीने नायलॉनची ताकद जवळजवळ निम्मी होते. पाच-सहा वेढे देऊन बांधलेल्या गाठीत ती बरीच टिकते. गाठ आवळण्यापूर्वी ती ओली करावी. कोरड्या घर्षणाने निर्माण होणारी उष्णता नायलॉनला इजा करते.

हे वर्गात सहज पडताळता येते. ०.२० मिमीची दोरी घ्यावी. वरच्या आडव्या गुळगुळीत दांड्यावर आणि खालच्या दांडक्यावर दोरीचे दहा-दहा वेढे घेऊन मगच टोके बांधावीत. घर्षणामुळे ताण टोकाच्या गाठीपर्यंत पोचत नाही. खालच्या दांडक्याला प्लॅस्टिकची बादली जमिनीपासून वीतभर उंचीवर टांगावी आणि मापाने पाणी ओतत जावे. एक लिटर म्हणजे एक किलो; बादलीचे वजन मिळवायला विसरू नये. सरळ दोरी, मध्ये साधी गाठ मारलेली दोरी आणि रात्रभर भिजवलेली दोरी यांचे प्रत्येकी पाच नमुने तोडून सरासरी काढावी. तुटलेली दोरी उसळते, म्हणून चेहरा दूर ठेवावा व चष्मा लावावा.

आता हिशेब करू या. रिळावर ६ किलो छापलेले आहे. पाण्यात भिजल्यावर उरले सव्वापाच-साडेपाच. साधी गाठ मारल्यावर उरले पावणेतीन. पैसे सहा किलोचे दिले आणि वापरायला निम्मेही मिळाले नाही! जाड दोरीवर खर्च करण्याऐवजी चांगली गाठ शिकणे फुकट आहे.

कोठे तुटावी?

समजा, रिळापासून गळापर्यंत एकच ०.६० मिमीची दोरी आहे आणि गळ खडकात अडकला. चांगल्या गाठीचीही ताकद वीस किलोच्या आसपास. एवढ्या जोराने बारीक दोरी ओढणे हाताला शक्य नसते. मग चाकू काढून दोरी हातापाशी कापली जाते आणि तीस-चाळीस मीटर नायलॉन खाडीत राहते. भरती-ओहोटीबरोबर ते तिवरांच्या श्वसनमुळांत गुंततो. चिंबोऱ्या, पाणपक्षी त्यात अडकतात, होडीच्या पंख्याभोवती ते गुंडाळले जाते आणि चिखलात उतरणाऱ्यांच्या पायांना कापते. पूर्वीची सुताची दोरी काही महिन्यांत कुजून गेली असती. नायलॉन चिखलाखाली, उन्हाच्या आड, वर्षानुवर्षे तसेच राहते. जो गुण म्हणून आपण ते विकत घेतले, तोच येथे दोष होतो.

उपाय अगदी स्वस्त आहे. मुख्य दोरीच्या टोकाला एक लहान फिरती कडी बांधावी आणि तिच्यापुढे अर्धा मीटर बारीक दोरी लावून तिला गळ बांधावा. मुख्य दोरी ०.४० मिमी असेल, तर हा तुकडा ०.३० मिमीचा. आता गळ अडकला, तर मुख्य दोरी एका काठीला गुंडाळून सरळ मागे ओढावी. तुटेल तो पुढचा तुकडा. मागे राहील अर्धा मीटर दोरी आणि एक गळ. वजनही आणखी बारीक दोरीने वेगळे बांधावे, म्हणजे केवळ वजन अडकले तर तेवढेच सुटेल आणि मासा वाचेल. विजेच्या मंडलात आपण जी वितळतार बसवतो, तिचेच हे भावंड.

वजन आणि गळ

वजनासाठी शिसे वापरण्याची प्रथा आहे. ते जड आणि सहज वितळणारे आहे. त्याचा द्रवणांक ३२७ अंश सेल्सिअस. पण ते विषारीही आहे. ब्रिटनमध्ये गळाची लहान वजने गिळून राजहंस मरू लागले, तेव्हा तेथे १९८७ पासून सुमारे २८ ग्रॅमपर्यंतच्या बहुतेक शिशाच्या वजनांच्या विक्रीवर बंदी आली. घरी शिसे वितळवून वजने ओतण्याचा उद्योग तर मुलांनी मुळीच करू नये.

लोखंडाने काम भागते का, हे आर्किमिडीजला विचारू या. शिशाची घनता ११.३, लोखंडाची ७.९. समुद्राच्या पाण्यात १०० ग्रॅम शिसे सुमारे ९१ ग्रॅम भरते, तर १०० ग्रॅम लोखंड ८७ ग्रॅम. फरक जेमतेम चार ग्रॅमचा. लोखंडाचे आकारमान मात्र दीडपटीच्या जवळ जाते, त्यामुळे प्रवाहाचा रेटा थोडा वाढतो. भंगारातले जुने नट या कामाला उत्तम आणि ते अडकून राहिले तरी गंजून जातात.

गळाबाबतही हाच विचार करावा. न गंजणाऱ्या पोलादाचा गळ टिकाऊ म्हणून महाग विकला जातो. पण दोरी तुटून तो माशाच्या तोंडात राहिला, तर तेथेही टिकतो. साध्या पोलादाचा गळ खाऱ्या पाण्यात लवकर गंजतो. आपल्यापुरता तो गंजू नये, यासाठी घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन पुसून ठेवला की झाले.

काठी घ्यायचीच असेल, तर फायबर ग्लासची घ्यावी. कार्बन तंतूंची काठी हलकी असते, परंतु कार्बन विजेचा वाहक आहे. विजेच्या तारांखाली किंवा वादळी आभाळाखाली ती उंच धरणे जिवावर बेतू शकते. फायबर ग्लासची काठीही ओली असेल तर अशा ठिकाणी उचलू नये.

शाळा किनाऱ्याजवळ असेल, तर ओहोटीच्या वेळी विद्यार्थ्यांना नेऊन टाकलेल्या दोऱ्यांचे तुकडे गोळा करावेत. जाड हातमोजे घालून आणि चिखलात न उतरता. प्रत्येक तुकड्याची लांबी मोजावी आणि टोके भिंगाखाली पाहावीत. टोक स्प्रिंगसारखे वळलेले असेल, तर गाठ सरकून सुटली. खरवडलेले असेल, तर खडकाने घासली. सपाट असेल, तर बहुधा चाकूने कापली. पन्नास तुकड्यांचा तक्ता केला, तर आपल्या किनाऱ्यावर दोरी कोठे आणि का तुटते ते कळेल. हा तक्ता जवळच्या दुकानात लावायला द्यावा. पुढच्या गिऱ्हाइकाला दोरी निवडताना त्याचा उपयोग होईल.