शून्य ते शंभर : आकडा खरा, पण कोणाचा?

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला पहिलाच धडा ‘गतीचे नियम’ हा आहे. जळगावच्या एका उर्दू शाळेत मी तो दरवर्षी शिकवते. मराठी पुस्तकातल्या ‘त्वरण’ला आमच्या उर्दू पुस्तकात ‘इसरा’ म्हणतात, आणि मुले दोन्ही भाषांत ‘पिकअप’ म्हणतात. गेल्या वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलाने वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेले लाल स्पोर्ट्स कारचे चित्र दाखवून विचारले, “मॅडम, ही तीन सेकंदांत शंभर गाठते. खरंच असं होतं, की कंपनीवाले फेकतात?”

प्रश्न चांगला होता. मी लगेच फळ्यावर गणित मांडले.

ताशी 100 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे 27.8 मीटर. हा वेग 3 सेकंदांत गाठायचा तर तो दर सेकंदाला साधारण 9.3 मीटरने वाढला पाहिजे. गच्चीवरून सोडलेल्या दगडाचा वेग दर सेकंदाला 9.8 मीटरने वाढतो. म्हणजे दगड जितक्या झपाट्याने खाली येतो, जवळपास तितक्याच झपाट्याने ही गाडी सपाट रस्त्यावर पुढे जाते!

आता इंजिन कितीही ताकदवान असो, ती ताकद रस्त्यावर उतरते टायरमधून. कोरड्या, चांगल्या डांबरी रस्त्यावर रोजच्या वापरातल्या टायरची पकड गाडीच्या वजनाच्या साधारण 0.8 ते 1 पट असते. त्यामुळे चारही चाकांना ताकद मिळाली तरी 3 सेकंद ही जवळपास हद्दच होते. त्याहून खाली जायचे तर खास चिकट टायर आणि तसाच रस्ता लागतो. तेव्हा उत्तर असे की तीन सेकंद अशक्य नाहीत, पण सोपेही नाहीत.

वर्ग खूश झाला. मीही खूश झाले. सोमवारी एक मुलगा हाताला पट्टी बांधून आला. रविवारी तिघे जण थोरल्या भावाची मोटरसायकल घेऊन गिरणा पुलापलीकडे, बांभोरीच्या पुढे गेले होते. एकाच्या हातात मोबाईलचे स्टॉपवॉच होते. कंपनीने सांगितलेला ‘शून्य ते साठ’चा आकडा खरा आहे का, ते त्यांना पाहायचे होते. गाडी कडेच्या खडीवर घसरली. कोपराला टाके पडले. अल्लाहचे शुक्र, मागून ट्रक येत नव्हता.

त्या दिवशी मला माझी चूक कळली. मी मुलांना आकडा कसा काढायचा ते शिकवले होते. तो मोजतात कुठे आणि कसा, हे सांगायचे राहिले होते.

आकडा तयार कसा होतो?

धुळ्याहून शिरपूर, सेंधव्यावरून आग्रा रोडने इंदूरकडे गेले की जवळच पीथमपूर आहे. तिथे ‘नॅट्रॅक्स’ हे वाहन चाचणी केंद्र आहे. तिथला अतिवेगाचा ट्रॅक 11.3 किलोमीटर लांबीचा असून जून 2021 मध्ये तो सुरू झाला. अशा ठिकाणी ना म्हैस आडवी येते, ना चौफुली लागते, ना समोरून उलट्या बाजूने ट्रॅक्टर येतो. चालवणारा कसलेला असतो. टायरमधली हवा मोजलेली असते. गाडी पुन्हा पुन्हा पळवता येते.

त्यात मोजण्याच्या खुब्या असतात. अमेरिकेत शर्यतीच्या जुन्या प्रथेप्रमाणे गाडी पहिला एक फूट सरकल्यावर घड्याळ सुरू करतात. एक फूट म्हणजे किती? पण दगडाच्या वेगाने सुटलेल्या गाडीला तेवढ्यालाच पाव सेकंद लागतो आणि घड्याळ सुरू होते तेव्हा ती ताशी आठ-नऊ किलोमीटरवर असते. म्हणजे ‘शून्यापासून’ हा शब्दच पुरता खरा राहत नाही. टेस्लाने ‘मॉडेल एस प्लेड’चा दोन सेकंदांच्या आतला आकडा दिला, तोही हा पहिला फूट वगळून. शिवाय तो शून्य ते 60 मैलांचा. साठ मैल म्हणजे 96.6 किलोमीटर, शंभर नव्हे. मुले व्हिडिओ पाहतात आणि मैल-किलोमीटर एकत्र करून वाद घालतात.

कधी गाडीच वेगळी असते. 1961 मध्ये इंग्लंडची जग्वार ई-टाइप आली. पत्रकारांना चाचणीसाठी दिलेली गाडी ताशी 150 मैलांपर्यंत गेली. पण ती खास तयार केलेली होती. दुकानातून घेतलेल्या गाड्या सहसा तिथवर पोचत नसत. सगळेच मात्र असे करत नाहीत. जर्मनीची पोर्शे उलट हात राखून आकडा सांगते. तिच्या अनेक गाड्या चाचण्यांमध्ये छापील वेळेच्या आधीच शंभरी गाठतात.

आमच्या खानदेशात

इंजिनची ताकद मोजताना ती साधारण 25 अंश तापमानाच्या हिशेबात मांडतात. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 पर्यंत जातो. हवा तापली की विरळ होते, आणि 25 ते 45 अंशांत हवा सुमारे 6 टक्के पातळ होते. साध्या इंजिनला तेवढा प्राणवायू कमी, तेवढा जोरही कमी.

वजनाचा हिशेब तर घरचाच आहे. मोटरसायकल 150 किलो, चालवणारा 60 किलो, मिळून 210. मागे तेवढाच दोस्त बसला की 270. जो वेग एकट्याला 5 सेकंदांत मिळत होता, त्याला आता साधारण साडेसहा सेकंद लागणार.

धुळ्यात आग्रा रोडला माझ्या भावाचे गॅरेज आहे. “पिकअप बसला” अशी तक्रार घेऊन रोज कोणीतरी येतो. भाईजान आधी टायरची हवा बघतात, मग धुळीने गच्च भरलेला एअर फिल्टर, मग चेन, मग क्लच प्लेट. “आपा, निम्म्या गाड्यांना काही झालेलं नसतं. माणूस शोरूमच्या कागदाशी गाडी ताडून बघतो, म्हणून त्याला ती बसल्यासारखी वाटते,” असे ते म्हणतात.

मैदानावरचा प्रयोग

मग मी वर्गाला शाळेच्या मैदानावर नेले. चुन्याने 50 मीटरच्या रेघा आखल्या. एक सायकल, एकच मुलगा, दहा फेऱ्या, आणि वेळ घेणारे तिघे. एकाच फेरीत तिघांच्या घड्याळांत दोन-तीन दशांश सेकंदांचा फरक पडला. बोट दाबायला प्रत्येकाला वेगळा वेळ लागतो. फेऱ्या 8.6 पासून 10.2 सेकंदांपर्यंत गेल्या. कधी पायडल निसटले, कधी समोरून वारा आला, शेवटी तर पोरगा दमला.

मी विचारले, “आता ही सायकल आपल्याला विकायची आहे. जाहिरातीत कोणता आकडा लिहाल?”

सगळा वर्ग एका आवाजात ओरडला, “आठ पॉइंट सहा!”

यात कोणी खोटे बोलले नाही. 8.6 खराच होता. पण तो दहातला एक होता, आणि सगळ्यांत चांगला होता. कंपनीच्या आकड्याकडे असेच पाहावे. तो गाडीच्या सर्वांत चांगल्या दिवसाचा आकडा आहे. आपल्या रोजच्या दिवसाचा नव्हे.

न छापलेला आकडा

शेवटी आम्ही उलटे गणित केले. तीन सेकंदांत शंभर गाठणारी गाडी तेवढ्या वेळात सुमारे 42 मीटर जाते. आता थांबवायची आहे. समोर काही दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला, तर त्यातच 28 मीटर गेले. पुढे चांगले ब्रेक लागूनही आणखी सुमारे 40 मीटर. म्हणजे एकूण सुमारे 68. जितक्या अंतरात वेग आला, त्याच्या दीडपटीहून जास्त अंतर थांबायला लागते. जाहिरातीत पहिला आकडा मोठ्या अक्षरांत असतो. दुसरा बहुधा नसतोच. पट्टी बांधलेला मुलगा फळ्याकडे बराच वेळ बघत राहिला.

आईबापांसाठीही दोन गोष्टी. सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय वेगाची चाचणी किंवा शर्यत हा मोटार वाहन कायद्याने गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. आणि अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड आहे. ‘थोड्या वेळासाठी चावी दिली होती’ एवढे म्हणून सुटका होत नाही.

मुलगा घरात गाडीचा आकडा घेऊन आला तर त्याला गप्प करू नका. कागद-पेन्सिल द्या, बरोबर बसा, पिकअपचे गणित करू द्या. मात्र त्याच कागदावर खाली ब्रेकचेही गणित करून घ्या. मी आता दरवर्षी दोन्ही एकाच तासाला शिकवते.