'येतो' म्हणायचे राहून गेले...

घरातून बाहेर पडताना कुणी 'जातो' म्हणाले, की घरातले वडीलधारे माणूस लगेच टोकते, "जातो म्हणू नये, येतो म्हणावं." सासरी निघालेली मुलगी 'येते' म्हणते, पुण्याची गाडी पकडायला निघालेला मुलगा 'येतो' म्हणतो. माझ्या दवाखान्यातून बाहेर पडणारा पेशंटसुद्धा "येतो, डॉक्टर" म्हणतो आणि मी मनातल्या मनात म्हणतो, बाबा रे, इतक्यात नको येऊस! या 'येतो'ला आपण उत्तर देतो, "बरं, या." एवढ्या दोन शब्दांत निरोप पुरा होतो. पण हे दोन शब्द राहून गेले, तर माणूस आजारी पडू शकतो का? पडू शकतो. आज त्याबद्दलच लिहायचे आहे.

काही वर्षांपूर्वी पूर्व भागातल्या एक बाई माझ्याकडे आल्या. हातात चार फायली. छातीत धडधडते, रात्री दोन-अडीचला जाग येते ती पुन्हा झोप नाही, तोंडाला चव नाही, वजन उतरलेले. हृदयाचा आलेख झाला होता, सोनोग्राफी झाली होती, थायरॉईड तपासून झाले होते. सगळे नॉर्मल. फायली बाजूला ठेवून मी विचारले, "मावशी, घरी कोण कोण असतं?"

"मुलगा, सून, नातू. मालक गेले कोरोनात."

मग त्या बोलू लागल्या. सोलापुरात कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला तो एप्रिल २०२० मध्ये, आणि त्यानंतरचे ते दिवस आपण कुणीच विसरलेलो नाही. दारात रुग्णवाहिका उभी होती. यजमान आपल्या पायांनी चालत गेले. जाताना त्यांनी दारातून हात वर करून 'येतो' म्हटले. बाई आत त्यांचा चष्मा शोधत होत्या. चष्मा घेऊन बाहेर येईपर्यंत गाडी निघून गेली होती. सहाव्या दिवशी फोन आला. शेवटचे तोंडही दिसले नाही.

"ते येतो म्हणाले, डॉक्टर. मी 'या' म्हणाले नाही. त्यांची चप्पल अजून दारातच आहे."

त्यांच्या सगळ्या फायलींमध्ये जे सापडले नव्हते, ते हे होते.

दुःखाचा शरीरावर परिणाम

दुःख मनात असते असे आपण म्हणतो, पण ते शरीरात राहायला येते. झोप उडते, भूक मरते, रक्तदाब आणि साखर वरखाली होते, अंग गळून जाते. जोडीदार गेल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत मागे राहिलेल्याच्या मृत्यूचा धोका वाढतो, हे अनेक देशांतल्या पाहण्यांत दिसले आहे. "आजोबा गेले आणि सहा महिन्यांत आजीही गेली" असे आपण ऐकतो, तो केवळ योगायोग नसतो. दुःखात माणूस आपल्या गोळ्या विसरतो, जेवण टाळतो, दुखणे अंगावर काढतो.

१९९० साली जपानी डॉक्टरांनी हृदयाच्या एका विकाराचे वर्णन केले. मोठ्या मानसिक धक्क्यानंतर हृदयाचा डावा कप्पा एकाएकी कमकुवत होऊन फुगतो. छातीत दुखते, दम लागतो, आलेखात हार्ट अटॅकसारखे बदल दिसतात, पण रक्तवाहिन्यांत हा प्रकार घडवणारा अडथळा सापडत नाही. फुगलेल्या हृदयाचा आकार तिकडच्या ऑक्टोपस पकडायच्या मडक्यासारखा दिसतो, म्हणून त्याला त्या मडक्याचेच नाव मिळाले, 'ताकोत्सुबो'. उतारवयातल्या स्त्रियांमध्ये तो जास्त आढळतो. बहुतेकजणी काही आठवड्यांत बऱ्या होतात, पण सुरुवातीचे दिवस धोक्याचे असू शकतात. म्हणून दुःखाच्या घरात कुणाच्या छातीत दुखू लागले, तर "रडून रडून झालं असेल" म्हणून थांबू नका. आधी हृदयाचा आलेख काढा.

पण बहुतेकांचे दुःख हा आजार नव्हे. ते लाटांसारखे येते. चार दिवस बरे जातात, पाचव्या दिवशी बाजारात त्यांच्या आवडीची मेथीची जुडी दिसते आणि डोळे भरून येतात. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या डॉक्टरबाईंनी १९६९ साली मरणासन्न रुग्णांशी बोलून दुःखाच्या पाच अवस्था मांडल्या. पुढे लोकांना वाटू लागले, की त्या शाळेतल्या इयत्तांसारख्या ओळीने पार पडल्या पाहिजेत. तसे काही नसते. कुणी लगेच रडते, कुणी सहा महिन्यांनी. न रडणारा माणूस दगड असतो असेही नाही.

चालीरीतींतले शहाणपण

आपल्या जुन्या माणसांना हे पुस्तकाशिवाय कळले होते. घरात मयत झाली, की त्या घरची चूल पेटत नाही, शेजारून पिठलं-भाकरी येते. भेटायला येणारा प्रत्येकजण विचारतो, "कसं झालं हो?" आणि घरचे तीच हकीकत पुन्हा पुन्हा सांगतात. सांगता सांगता मनाला ती खरी वाटू लागते. दहावा, तेरावा, मुस्लिम बांधवांचा चाळीसावा, वर्षश्राद्ध, या सगळ्या दुःखाच्या वाटेवरच्या मुक्कामाच्या जागा आहेत. कर्मकांडावर कुणाचा विश्वास असो वा नसो, माणसे जमणे, बोलणे, रडणे आणि सोबत जेवणे यांत औषध आहे.

२०२० मध्ये नेमके हेच तुटले. खांदा द्यायला माणूस नाही, भेटायला शेजारी नाही. त्या वर्षी आषाढीला संतांच्या पादुकाही एसटीने पंढरपुरात आल्या. जानेवारी २०२१ मध्ये सिद्धेश्वरांची यात्रा मोजक्या मानकऱ्यांत पार पडली, गड्डा भरला नाही. पण वारी पुन्हा निघाली, गड्डा पुन्हा भरला. गेलेले माणूस पुन्हा येत नाही. म्हणून ज्यांचा निरोप त्या काळात राहून गेला, त्यांचे दुःख आजही ओले आहे.

माझी चूक

कोरोनात आपला नाइलाज होता. पण एरवी, हाती वेळ असताना, आपण निरोप चुकवतो, त्याचे काय? यात मी स्वतः गुन्हेगार आहे, म्हणून सांगतो.

वीसेक वर्षांपूर्वी एका जुन्या गिरणी कामगाराला यकृताचा कर्करोग झाला. फार पसरलेला होता. मुलगा मला बाहेर घेऊन म्हणाला, "डॉक्टर, दादांना काही कळू देऊ नका. धसका घेतील." मी मान डोलावली. दादांना सांगितले, कावीळ आहे, उतरेल. एका संध्याकाळी त्यांनी माझा हात धरला. "खरं सांगा डॉक्टर, यंदाचा गड्डा दिसंल का मला?" मी हसून म्हणालो, "यंदाचाच काय, अजून दहा दिसतील." त्यांनी हात सोडला आणि भिंतीकडे तोंड केले.

तीन आठवड्यांत ते गेले. महिन्याभराने त्यांच्या पत्नी भेटल्या. म्हणाल्या, "भावाशी पंधरा वर्षं बोलणं नव्हतं त्यांचं. तुम्ही खरं सांगितलं असतं, तर बोलावून घेतलं असतं हो." माझ्याकडे उत्तर नव्हते. आज कळते, की दादांना सगळे ठाऊक होते. आम्ही त्यांच्यापासून आजार लपवला नाही, फक्त त्यांचे बोलणे बंद करून टाकले.

तेव्हापासून मी आधी पेशंटलाच विचारतो, "तुम्हाला काय वाटतंय? किती सांगू?" ज्याला ऐकायचे नाही, त्याच्यावर लादायचे नाही. पण ज्याने विचारले, त्याच्याशी खोटे बोलायचे नाही. "बरा होणार नाही" या वाक्यावर थांबायचेही नाही. "दुखू देणार नाही, शेवटपर्यंत येत राहीन" हेही सांगायचे. लंडनमध्ये १९६७ साली सिसिली सॉन्डर्स या डॉक्टरबाईंनी सुरू केलेली सेंट ख्रिस्तोफर ही संस्था आणि मुंबईत वांद्र्याला १९८६ पासून चालणारे शांती अवेदना हे या सेवेला वाहिलेले आश्रम आहेत. पण ही सेवा घरच्या खाटेवरही करता येते.

नंतरच्या एका आज्जींची आठवण आहे. त्यांना खरे सांगितले होते. फाल्गुनात त्यांनी खाट अंगणात घ्यायला लावली आणि सुनेला म्हणाल्या, "पुढच्या उन्हाळ्यात मी नसणार. कुरडईचा चीक कसा घ्यायचा ते नीट बघून घे." सून रडत रडत चीक शिजवत होती, आज्जी पडल्या पडल्या चुका काढत होत्या. त्या उन्हाळ्याचा, त्या घराचा आणि सुनेचा असा एकदमच निरोप झाला. ती सून आजही कुरडया घालते आणि हसत सासूची आठवण सांगते.

घरच्यांनी काय करावे?

जवळचे माणूस अखेरच्या आजारात असेल, तर एवढे जरूर करा. ज्यांच्याशी अबोला आहे, त्यांना वेळेत बोलवा. रोज थोडा वेळ टीव्ही बंद करून हात हातात घेऊन बसा. "तुमच्यामुळे आम्ही उभे राहिलो", "काही चुकलं असेल तर पोटात घाला", "आमची काळजी करू नका" ही वाक्ये तेराव्याच्या भाषणासाठी राखून ठेवू नका. माणूस बेशुद्ध असला तरी बोला. कॅनडातल्या अशाच एका सेवागृहातील रुग्णांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. अखेरच्या तासांत प्रतिसाद न देणाऱ्या काही रुग्णांचा मेंदू आवाजांची दखल घेतो, असे त्यात मेंदूच्या आलेखावर दिसले. म्हणून खाटेशेजारी वाटणीच्या गोष्टी नकोत.

मुलांना दूर पाठवू नका. भेटायचे असेल तर भेटू द्या. "आजोबा झोपलेत" असे सांगू नका, मूल झोपायलाच घाबरते. "आजोबा वारले, आता परत येणार नाहीत" हे साध्या शब्दांत सांगा आणि जवळ घ्या.

मुके जीव आणि गावे

निरोप माणसांचाच असतो असे नाही. एका शेतकऱ्याने ट्रॅक्टर आल्यावर खिलारी जोडी सिद्धेश्वर यात्रेच्या जनावरांच्या बाजारात विकली. बैल दिले, पण दावे दिले नाही, ते घरी आणून खुंटीला टांगले. पुढे दोन महिने त्यांचे जेवण तुटले होते. घरचे म्हणायचे, "जनावरासाठी काय एवढं!" असे कुणाला म्हणू नका. एकट्या म्हाताऱ्या माणसाचा कुत्रा मेला, तर घरात त्याच्याशी बोलणारे शेवटचे कुणी गेलेले असते.

जागांचेही तसेच. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पुरे झाले, त्यात गावे पाण्याखाली गेली. इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवचे जुने देऊळ दुष्काळात पाणी ओसरले, की वर येते. मग म्हातारी माणसे नातवंडांना घेऊन जातात आणि आपले घर कुठे होते ते दाखवतात. आपल्या शहरातली जुनी मिल १८७७ सालची. ती आणि तिच्या मागून एकेक गिरणी बंद पडली, भोंगे थांबले. १५ जून २०२३ रोजी विमानसेवेसाठी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली, तेव्हा कितीजणांचे डोळे भरले होते. सिमेंटच्या चिमणीसाठी कुणी रडत नाही, तिच्याभोवती गेलेल्या आयुष्यासाठी रडते.

म्हणून आई-वडिलांना पुण्याला आपल्याकडे नेणाऱ्या मुलांना माझे सांगणे आहे, रात्रीत घर बंद करू नका. चार दिवस द्या. त्यांना शेजाऱ्यांना भेटू द्या, तळ्याच्या काठी सिद्धेश्वरांचे दर्शन घेऊ द्या, अंगणातल्या तुळशीचे रोप सोबत न्या. उतारवयात जागा एकाएकी बदलली, की झोप बिघडते, काहीजण गोंधळतात, दिशा चुकतात.

डॉक्टरांकडे कधी यावे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत 'लांबलेले दुःख' हा स्वतंत्र विकार आहे. सहा महिन्यांहून अधिक काळ, आणि आपल्या समाजात साधारण जेवढे दुःख धरले जाते त्याहून फार जास्त, माणूस त्याच आठवणीत अडकून पडला असेल, कामधंदा आणि घरसंसार सुटला असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. "मलाही त्यांच्याकडे जायचंय" असे कुणी म्हणू लागले, तर सहा दिवसही थांबू नका. शासनाची १४४१६ ही मोफत टेली-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, तेथे मराठीतही बोलता येते. झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नका आणि दुःख बुडवायला बाटलीकडे वळू नका. ते तिथे बुडत नाही.

त्या बाईंना मी रात्रीसाठी थोडे दिवस औषध दिले, मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले, आणि एक सांगितले. "यजमानांना जे सांगायचं राहिलं, ते त्यांच्या फोटोपुढे मोठ्यानं बोला. मुलगा शेजारी असू द्या. चप्पल कधी उचलायची ते तुमचं मन सांगेल, दुसऱ्या कुणाला ठरवू देऊ नका."

पाच-सहा महिन्यांनी त्या नातवाच्या खोकल्यासाठी आल्या. वजन थोडे भरले होते. मी न विचारताच म्हणाल्या, "वर्षश्राद्धाला बोलले सगळं. 'या' म्हणाले एकदाचं. चप्पल ट्रंकेत ठेवली." नातवाचे औषध घेऊन त्या उठल्या आणि दारात थांबून म्हणाल्या, "येते, डॉक्टर."

मी म्हटले, "बरं, या."