जोडलेल्या नेटवर्क कार्डांचा दोषशोध

पाटससारख्या, पुणे-सोलापूर महामार्गावरील साखर कारखान्याच्या गावी, वजनकाट्याची नोंद व सभासदांचे हिशेब एकाच यजमान सर्व्हरवरील आभासी यंत्रांत ठेवावयाचे झाल्यास, त्याची दोन नेटवर्क कार्डे एकत्र जोडणे अत्यंत इष्ट होय; कारण एक निकामी झाले तरी दुसरे कारभार अव्याहत चालविते.

प्रथम तपासणी : केबल व पोर्टचा दिवा पाहून, सर्व्हर आणि स्विच या दोहोंवर जोडणीची पद्धत परस्परांशी जुळते किंवा नाही, याची खातरजमा करावी.

व्हीलॅन : एक केबल काढताच मोजकीच यंत्रे अदृश्य झाली, तर उरलेल्या पोर्टवर त्यांच्या व्हीलॅनला मुभा नाही, असे बहुधा निष्पन्न होते.

वेग : १ गिगाबिटची दोन कार्डे जोडली, तरी एकच संभाषणप्रवाह सामान्यतः एकाच कार्डावरून जात असल्याने, एका फाइलच्या प्रतीस दुप्पट वेग मिळत नाही.

आवृत्ती : विंडोज सर्व्हर २०१६ पासून हायपर-व्हीच्या आभासी स्विचमध्येच अंतर्भूत झालेल्या जोडणीस एकाच बनावटीची व समान वेगाची, कमाल ८ कार्डे चालतात, मात्र तिला एलएसीपी मान्य नसल्याने, स्विचवरील तशी तजवीज रद्द करणे अवश्य आहे.

प्रत्येक दुरुस्तीनंतर एकेक केबल काढून परीक्षा घेतल्यावाचून काम पुरे झाले असे मानू नये.