अलार्मचा ट्रान्सफॉर्मर जळतो तेव्हा

जुन्या जालन्यात घराला कुलूप लावून लग्नाला परगावी निघताना चोरीच्या अलार्मची पेटी एकदा बघाच. घरात वीज असून पेटीवरचा मेन्सचा दिवा विझलेला असेल, तर फ्यूज किंवा ट्रान्सफॉर्मर गेलेला असू शकतो. पेटी तेव्हा बॅटरीवर चालत राहते, म्हणून बिघाड कळत नाही. बॅटरी उतरली की घराला राखणच नाही.

इलेक्ट्रिशियनकडून मल्टिमीटरने तपासून घ्या. ट्रान्सफॉर्मरला २३० व्होल्ट मिळूनही बाहेर शून्य येत असेल, तर तो गेलाच. नव्याचे व्होल्ट जुन्यावर छापलेत तेवढेच हवेत. अँपिअर जास्त चालतील, कमी मुळीच नकोत. मेन स्विच पाडून, बॅटरीची तार काढूनच पेटीत हात घालावा. पार उतरून पडलेली बॅटरीही बदलावी, ती पुन्हा नीट चार्ज होईल याचा भरवसा नसतो.