धुलाई यंत्राला वास का येतो?

नवी मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. याच दिवसांत घरोघरी एक तक्रार असते: यंत्रात धुतलेल्या टॉवेलला कुबट वास येतो. मग कोणीतरी सांगते, ‘आत क्षार साठले असतील, व्हिनेगर ओता.’ हा सल्ला योग्य आहे का, हे ठरवण्यापूर्वी यंत्रात नेमके काय साठते ते पाहू.

एक मळ चुन्याचा. दुष्फेन पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेले असते. पाणी तापले की त्याचे कार्बोनेट होते. ते पाण्यात विरघळत नाही आणि तापकावर पांढरा थर धरते. आम्ल टाकल्यास हा थर बुडबुडे सोडत विरघळतो. दुसरा मळ बुळबुळीत असतो. अंगाचा तेलकटपणा, कपड्यांचे तंतू, उरलेला डिटर्जंट आणि त्यावर पोसलेले जिवाणू व बुरशी मिळून तो बनतो. वास येतो तो यामुळे. २०१२ साली जपानी संशोधकांनी कपड्यांच्या कुबट वासाचा संबंध ‘मोराक्झेला ऑस्लोएन्सिस’ या जिवाणूशी जोडून दाखवला. जाहिरातीत मात्र क्षाराने माखलेला तापकच दाखवतात!

नवी मुंबई महापालिकेचे पाणी मुख्यतः खालापूरजवळच्या मोरबे धरणातून येते. सह्याद्रीच्या बेसाल्टवर पडलेल्या पावसाच्या या पाण्यात चुना थोडाच असतो. कूपनलिकेचे किंवा टँकरचे पाणी वेगळे असू शकते. ते वर्गातही तपासता येईल. दोन सारख्या बाटल्यांत पावसाचे आणि नळाचे पाणी समान घ्या. साध्या साबणाच्या द्रावणाचे थेंब मोजून टाकत दोन्ही हलवा. टिकणारा फेस यायला ज्याला जास्त थेंब लागतील, ते पाणी जास्त दुष्फेन. डिटर्जंट मात्र घेऊ नका. दुष्फेन पाण्यातही त्याचा फेस होतो.

म्हणून, आमच्या मते, मोरबेचे पाणी असलेल्या घरी आधी बुळबुळीत मळाकडे पाहावे. त्यासाठी आम्लापेक्षा उष्णता आणि सोडियम परकार्बोनेट असलेली पावडर उपयोगी. महिन्यातून एकदा यंत्र रिकामे ठेवून ६० अंश सेल्सिअसला चालवावे. तापक नसलेल्या यंत्रात, माहितीपुस्तिकेत मुभा असेल तर, गिझरचे गरम पाणी भरावे. दाराभोवतीच्या रबरी कड्याच्या घड्या बोटाला फडके गुंडाळून पुसाव्यात; सर्वांत जास्त घाण तिथेच सापडते. पावडरीचा खण काढून घासावा. खालची गाळणी उघडण्यापूर्वी वीज बंद करावी आणि पाणी थंड होऊ द्यावे. धुणे संपल्यावर दार उघडे ठेवले तर आतला ओलावा जातो. घरात लहान मूल असेल, तर ते आत शिरणार नाही एवढे पाहावे.

चुन्याचा थर खरोखरच दिसत असेल, तर लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक आम्ल, वापरता येते. धोका पुढे आहे. व्हिनेगरने वास जात नाही, म्हणून त्याच पाण्यात ब्लीच ओतले जाते. द्रवरूप ब्लीचमधील हायपोक्लोराइटची आम्लाशी गाठ पडली की विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि आपल्या सदनिकांत यंत्र बहुधा लहानशा न्हाणीघरात असते. तिखट, झोंबणारा वास आला तर आणखी काही न ओतता लगेच बाहेर पडावे, बाहेरून वीज बंद करावी, घराच्या खिडक्या उघडाव्यात आणि खोकला किंवा दम लागत असल्यास डॉक्टरकडे जावे.